मापाचा ब्लाउज

रत्नमाला वहिनींचे पत्र आले तेव्हा आंब्याचे दिवस संपत आले होते. श्रावण लागला तरी मी त्याला उत्तर दिले नव्हते.

पत्र मोठे नव्हते. वहीचे एक पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. वहिनींचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले, त्यामुळे अक्षर टपोरे आणि ओळी जरा वर चढत जाणाऱ्या. पुण्यात त्रिशलाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात लिफ्ट आहे पण अंगण नाही, जावई चांगले आहेत, भाताला चव लागत नाही, असे सगळे लिहून झाल्यावर शेवटी लिहिले होते, "डॉक्टर म्हणतात आणखी एक औषध आहे. त्रिशला म्हणते घेऊ. मला आता नको वाटतं. दिवस थोडे आहेत हे मला कळतं, पण इथं कुणी तसं बोलू देत नाही. तुमच्यापुढं बोलता येतं, तुम्ही गप्प बसता. भाऊजी, मी तिकडे येऊ का?"

खरे तर घर त्यांचेच. माझे थोरले बंधू भूपालदादा यांच्याशी लग्न होऊन त्या जयसिंगपूरला आल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. दादा तरुणपणीच गेले. मी लग्न केले नाही. वाचनालयात ग्रंथपालाची नोकरी आणि घरी वहिनी व त्यांची मुलगी त्रिशला, असे आयुष्य गेले. त्रिशलाचे लग्न झाल्यावर आम्ही दोघेच उरलो. गल्लीतल्या लोकांना बोलायला जागा राहू नये म्हणून आम्ही दोघांनीही न ठरवता काही रीती पाळल्या. त्या चहाचा कप टेबलावर ठेवत, मग मी उचलत असे. मी वाचनालयातून त्यांच्यासाठी पुस्तक आणून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवी. वाचून झाले की ते पुन्हा फळीच्या कडेला येई. पुस्तक कसे वाटले हे कधी मी विचारले नाही आणि कधी त्यांनी सांगितले नाही. फक्त आवडलेल्या पानात काडेपेटीतली काडी राहिलेली असे.

अशा माणसाला त्यांनी विचारले होते, मी येऊ का. आता येणे म्हणजे नुसते राहणे नव्हते. ऑपरेशनची जखम अजून ओली होती. त्यांना उठवावे, बसवावे लागणार होते. ज्या बाईच्या हाताला माझा हात कधी लागला नाही, तिचे हे मला जमेल का? आणि जमले नाही तर? उत्तर लिहायला बसलो की मी या प्रश्नापाशी अडत असे आणि कागद बाजूला सारत असे.

पण हे सगळे सुरू झाले एका ब्लाउजपासून. ते आधी सांगायला हवे.

आमच्याकडे बायका शिंप्याकडे माप द्यायला जात नाहीत. मापाचा ब्लाउज पाठवतात. अंगाला बरोबर बसलेला एखादा जुना ब्लाउज नव्या कापडाबरोबर पिशवीत घालायचा आणि त्याच्यासारखा शिव म्हणून सांगायचे. वहिनींचा मापाचा ब्लाउज गडद हिरव्या रंगाचा होता. दादा असताना शिवलेला. दादा गेल्यावर त्यांनी तो कधी अंगात घातला नाही, पण माप म्हणून तोच चालू राहिला. वाचनालयाच्या वाटेवर मुल्लांचे दुकान होते, त्यामुळे ती पिशवी पोचवण्याचे काम माझे. आधी म्हातारे मुल्ला होते, त्यांच्यामागे त्यांची मुलगी जरीना दुकान बघू लागली. हिरवा ब्लाउज तोच. वहिनींचे माप तीस-पस्तीस वर्षांत बदलले नाही, कारण ते कुणी घेतलेच नाही. नवा ब्लाउज आला की त्या उसवून, शिलाईत दाबलेले कापड सोडून स्वतःच्या अंगाजोगा करून घेत.

पत्राच्या आदल्या वर्षीच्या भाद्रपदात त्या कुरकुर करू लागल्या.

"भाऊजी, जरीनाला सांगा, ब्लाउज डावीकडं काचतोय. हात बिघडलाय म्हणावं तिचा."

मी पिशवी घेऊन गेलो. दुकानात दोन मुली बसल्या होत्या. त्यांच्यासमोर डावीकडे, उजवीकडे असे काही बोलणे मला जमण्यासारखे नव्हते.

"वहिनींनी परत दिलाय," मी म्हटले.

"का ओ काका?"

"तूच बघ म्हणाल्या."

जरीनाने ब्लाउज मधोमध दुमडला, दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवल्या, टेप लावला. "काही चूक नाही. दोन्ही बाजू सारख्या. तुमच्या त्या हिरव्या ब्लाउजबरहुकूम शिवलाय. काकूंना घेऊन या इकडं. मशीननं माप घेणारी नवीन कोठी आणलीय, आत उभं राहिलं की झालं."

घरी आल्यावर वहिनींनी विचारले, "काय म्हणाली?"

"बरोबर आहे म्हणाली."

"तिचा ब्लाउज बरोबर, आणि माझं अंग चुकलं होय?" वहिनी हसल्या आणि दारात उजेडाला बसून डाव्या कडेची शिलाई उसवू लागल्या. नुसत्या डाव्या.

मी समोर पेपर वाचत बसलो होतो. आता वाटते, ते दृश्य पुरेसे बोलके होते. पण आम्हा कुणालाच ती भाषा ठाऊक नव्हती. आरोग्यसेविका घरोघरी येऊन सांगून गेली होती की आंघोळीच्या वेळी गाठ आहे का बघत जा. वहिनी बघत होत्या. गाठ नव्हती. त्या जागी खाज येत होती, कातडी लालसर झाली होती, म्हणून त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी न तपासताच घामोळ्यावरचे मलम दिले. हे सगळे मला मागाहून त्रिशलाकडून कळले. माझ्या कानावर आली ती एवढीच गोष्ट, की जरीनाचा हात बिघडला आहे.

दसरा झाल्यावर दुकानात बोर्ड लागला : मापाचे ब्लाउज स्वीकारले जाणार नाहीत. वहिनी तणतणत स्वतः दुकानात निघाल्या. मी बरोबर गेलो आणि बाहेरच्या बाकावर बसलो.

"इतकी वर्षं चालला, आता काय झालं त्याला?" वहिनींचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"त्याला काय होतंय, काकू? तो आहे तसाच आहे. तुम्ही आहात का तशाच?"

"लई बोलायला लागलीस. आत कोण असतं?"

"कुणी नसतं. मी पण नसते. दार आतून लावून घ्यायचं, ब्लाउज काढून ठेवायचा, आधी हात खाली, मग हात वर. नुसता उजेड फिरतो."

"आणि फोटो काढतं ते?"

"फोटो नाही ओ. ठिपके. रांगोळीला काढतो ना आपण, तसले ठिपके. त्यावरनं मशीन आकार काढतं. माणूस त्यात दिसत नाही."

मग कोठीचे दार लागल्याचा आवाज आला. मला तिथे बसणे अवघड वाटले, म्हणून मी समोरच्या टपरीवर जाऊन चहा घेतला.

त्या कोठीविषयी मी नंतर मिळेल ते वाचले. माझे विज्ञान पुस्तकी आहे, त्यामुळे ढोबळ तेवढेच सांगतो. कोठीत अंगावर उजेडाच्या बारीक रेघा पडतात. सपाट भिंतीवर रेघ सरळ पडते, गोलाईवर वाकते. किती वाकली यावरून यंत्र केसाच्या जाडीहूनही सूक्ष्म फरक मोजते. शिवाय कुठली जागा किती गरम आहे हेही टिपते. हे सगळे अंगाला नीट बसणाऱ्या कपड्यासाठी केलेले होते. पण हजारो बायकांची मापे जमल्यावर, ती तयार करणाऱ्यांच्या लक्षात आले की काही मापांत एक बाजू थोड्याच दिवसांत बदलते, आणि त्या बायकांपैकी कितीतरी जणी पुढे कर्करोगाच्या रुग्ण निघतात.

आपल्याला वाटते, कर्करोग म्हणजे गाठ. बहुतेक वेळा असतेही. पण एक प्रकार असा आहे की त्यात हाताला लागेल अशी गाठ होतच नाही. रोगाच्या पेशी कातडीखालच्या, अंगातले पाणी वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या बुजवतात. पाणी तुंबते. मग एक बाजू सुजते, जड होते, गरम लागते, लाल दिसते. कातडी जाड होऊन तिची छिद्रे खोल जातात, संत्र्याच्या सालीसारखी. कधी स्तनाग्र आत ओढले जाते. कधी हात वर केला तरच एखादी खळी पडते, हात खाली आला की नाहीशी होते. दुखत असतेच असे नाही. बघणाऱ्याला वाटते उष्णता झाली, कपडा काचला, काहीतरी चावले. हा प्रकार फार थोड्यांना होतो, पण तो थांबत नाही. महिन्यांत नव्हे, आठवड्यांत वाढतो.

यंत्राला हे दिसते आहे म्हटल्यावर सरकारने नियम केला की अशा प्रत्येक कोठीने ताबडतोब कळवले पाहिजे. कळवायचे कुणाला? नोंदवलेल्या नंबरावर. नियम करणाऱ्यांना वाटले, बाई आपला नंबर देईल. आमच्याकडे गॅसला, रेशनला, विजेच्या बिलाला घरातल्या पुरुषाचा नंबर देण्याची सवय. ब्लाउजलाही तोच दिला गेला. त्या वर्षी आमच्या भागात कितीतरी नवऱ्यांच्या, दिरांच्या, मुलांच्या फोनवर असे संदेश आले, की ज्यांतले शब्द त्यांनी कधी तोंडाने उच्चारले नव्हते. काहींनी त्याच दिवशी बायकोला दवाखान्यात नेले. बाराव्या गल्लीतल्या एकाने घराची वास्तुशांत होईपर्यंत संदेश खिशात ठेवला. एका तरुण मुलाने तो आईला दाखवायच्या लाजेने पुसून टाकला आणि मावशीला फोन करून नुसता रडत राहिला. पुढे नियम बदलला. पण तो पुढे.

वहिनींचा संदेश माझ्या फोनवर आला.

आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवतो. वहिनींनी ताट वाढून ठेवले होते आणि त्या ओट्यापाशी भाकरी थापत होत्या. फोन वाजला म्हणून मी चष्मा लावला. पहिली ओळ वाचली आणि माझा घास हातातच राहिला.

"कुणाचं आहे?" त्यांनी विचारले.

"जरीनाच्या दुकानातलं."

"झाला काय शिवून?"

मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पिठाचे हात दाखवले. "अक्षर बारीक आहे. वाचून दाखवा की."

मी म्हणू शकलो असतो की नंतर वाचा. पण त्या माझ्याकडे बघत होत्या आणि माझ्या चेहऱ्यावर काय होते ते मला ठाऊक नाही. वाचनालयात नव्या पुस्तकांची नावे वाचून दाखवत असे, त्या आवाजात मी वाचले.

"नोंदणी, रत्नमाला मगदूम. डावी बाजू उजवीपेक्षा मोठी व अधिक उष्ण आढळली. डाव्या बाजूची त्वचा जाड असून छिद्रे खोल आहेत. हात वर केल्यावर खालच्या भागात खळी पडते. डावे..." इथे मी थांबलो. "डावे स्तनाग्र आत ओढले गेले आहे. ही लक्षणे साध्या संसर्गाचीही असू शकतात. हाताला गाठ लागत नसली तरी याच आठवड्यात तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा. मलम लावून वाट पाहू नका."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. वहिनींनी ती उलटली नाही. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"सगळं वाचलंत ना?" त्यांनी तसेच विचारले.

"हो."

"काही गाळलं नाही?"

"नाही."

"बरं. जेवण गार होतंय तुमचं."

सकाळी मी उठलो तेव्हा त्या नेसून, पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. मिरजेला डॉक्टरबाईंनी कातडीचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल यायच्या आधीच त्यांच्या बोलण्यावरून मला कळले. आणखी तपासण्या झाल्या आणि डॉक्टरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यकृतात थोडं दिसतंय. दोन महिने आधी आला असता तर नक्की फरक पडला असता असं मी म्हणणार नाही. कदाचित पडला असता." वहिनी आत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी विचारले आणि मी जसेच्या तसे सांगितले.

त्यानंतर घर बदलले. वहिनी ताट वाढून आत निघून जात. मी बैठकीत असलो तर त्या मागच्या दाराने अंगणात जात. फळीवर ठेवलेले पुस्तक तसेच राहू लागले. औषधांनी त्यांचे केस गेले तेव्हा तर त्या आपल्या खोलीतून बाहेर येईनाशा झाल्या. माझी खात्री झाली की त्यांना माझे तोंड बघवत नाही. एका यंत्राने त्यांच्या अंगाची गोष्ट परपुरुषाला सांगितली होती आणि त्याने ती मोठ्याने वाचली होती. चुकून माझा नंबर घातला गेला आणि आमच्यात जे काही होते, ते मोडले, असे मी समजलो.

त्रिशला आली, चार दिवस राहिली आणि आईला घेऊन पुण्याला निघाली. जाताना माझ्यावर चिडली. "काका, आईचं तुमच्याकडं का आलं? मला का नाही? आणि आल्यावर ते तिला वाचून दाखवलं? डॉक्टर सांगायच्या आधी? तुम्हाला काही कळतं का?"

"मला नाही कळत," मी म्हटले. ते खरेच होते.

वहिनी गाडीत बसल्या होत्या. खिडकीची काच खाली होती. त्या समोर बघत म्हणाल्या, "दुधाचं पातेलं रात्री फडताळात ठेवत जा. मांजर येतं." आणि गाडी निघाली.

पुण्यात ऑपरेशन करून डावी बाजू काढली. पुढे आंब्याच्या दिवसांत ते पत्र आले, आणि मी उत्तर दिले नाही.

श्रावणातल्या एका दुपारी त्रिशलाचा फोन आला. आवाज दमलेला होता. "आई काही खात नाही, काका. नवं औषध नको म्हणून हटून बसलीय. तुम्हाला पत्र लिहिलंय म्हणे. मला दाखवलं नाही. काय लिहिलंय?"

"घरचंच."

"मग उत्तर द्या की. रोज विचारते, पोस्ट आलं का. हल्ली पोस्टानं काही येतं का? वॉचमन हसतो मला."

मी देतो म्हटले. फोन ठेवतो न ठेवतो तोच त्यावर संदेश आला. रत्नमाला मगदूम, आपले माप घेऊन बरेच दिवस झाले आहेत. पुन्हा एकदा कोठीत उभे राहावे. यंत्राला पुढचे काही ठाऊक नव्हते. मला तो संदेश सहन होईना. निदान हे तरी बंद करावे म्हणून मी चप्पल घालून जरीनाच्या दुकानात गेलो.

दुपारचे गिऱ्हाईक नव्हते. मी संदेश दाखवला. जरीनाने वहिनींची चौकशी केली. मी सांगितले तेवढे ऐकून तिने हातातली कात्री खाली ठेवली.

"बंद करते," ती म्हणाली. तिने मशीन चालू केले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची एक जाळी उमटली आणि तो आकार काय आहे हे कळायच्या आत मी मान वळवली.

"बघू नका, काका. मी पण बघत नाही. पण एक सांगते. ऑपरेशनच्या आधीचं त्यांचं अंग यात आहे. उजव्या बाजूच्या मापानं डावीकडं आतून मऊ भरती घालून ब्लाउज शिवता येतो, कुणाला कळत नाही. इचलकरंजीच्या एका बाईंना शिवून दिला मी. शिवायचा नसला तर पुसून टाकते. काय करू?"

"ते मी कसं सांगू?"

"नंबर तुमचाय. मशीन तुमचीच परवानगी मागतंय."

"चुकून माझा पडला तो. घरातल्या सगळ्याला माझाच असतो, म्हणून त्यांनी दिला असेल."

जरीनाने माझ्याकडे वळून पाहिले. "चुकून कुठला ओ? मी विचारलं होतं काकूंना. मी म्हटलं, तुमचा स्वतःचा फोन आहे ना, तो घाला. वर लिहिलंय बघा, काही आजाराचं दिसलं तर यावर कळवणार. तर म्हणाल्या, माझ्यावर नको, माझ्यानं एकटीनं वाचणं व्हायचं नाही. मग म्हटलं, पोरीचा घाला. तर म्हणाल्या, ती घाबरंल, निम्मं सांगंल, निम्मं गाळंल. भाऊजींचा घाल. ते शब्दन् शब्द वाचतात."

मी बाकावर बसलो.

"त्यांना आधीच काही वाटत होतं का गं?" मी विचारले.

"बाईला आपल्या अंगाचं कळत नाही होय, काका? नाव घेता येत नव्हतं, एवढंच. उसवलेला ब्लाउज घालून आल्या होत्या त्या दिवशी. नुसती डावी शिलाई सोडलेली. कोठीतनं बाहेर आल्या, मला म्हणाल्या, मेला ब्लाउजच चुकलेला निघू दे."

म्हणजे त्या संध्याकाळी 'काही गाळलं नाही?' हा प्रश्न त्यांनी का विचारला, ते मला इतक्या दिवसांनी कळले. भिंतीकडे तोंड करून त्या ज्या आवाजाची वाट बघत होत्या, तो त्यांनीच निवडलेला होता. आणि नंतरचे ते लपणे? मी ते रागाचे समजलो. केस गेलेल्या, उलट्यांनी पिवळ्या पडलेल्या माणसाला कुणासमोर यावेसे वाटते? पण मी पुस्तके तेवढी शब्दन् शब्द वाचली. माणूस वाचायचे आले की मी माझ्याच मनातले वाचत बसलो. पत्रातही त्यांनी कारण लिहिले होते. तुमच्यापुढं बोलता येतं, तुम्ही गप्प बसता. त्यावर मी खरोखरच गप्प बसलो.

जरीनाने आतून कागदात गुंडाळलेले काहीतरी आणून दिले. तो हिरवा ब्लाउज होता. "शेवटच्या खेपेपासून आमच्याकडंच पडून होता. न्या घरी."

"ठिपके राहू देत," मी म्हटले. "त्यांना विचारून सांगतो."

"लवकर विचारा."

वाटेत मी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टर माझ्या वाचनालयाच्या सभासद होत्या. जखमेची पट्टी कशी बदलतात ते दाखवा, म्हणून मी विचारले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला हात धुवायला लावले, कापूस कसा धरायचा, जुनी पट्टी ओली करून हळू कशी सोडवायची, ते टेबलावर दाखवले. माझे हात थरथरत होते. "थरथरले तरी चालतात, काका," त्या म्हणाल्या, "स्वच्छ असले म्हणजे झालं. सकाळी मी येत जाईन. मी नसेन तेव्हा तुम्ही करा."

घरी येऊन मी अंगणाकडच्या खोलीतली पुस्तके बाहेर काढली. तिथली खाट दाराकडे तोंड करून लावली, म्हणजे पडल्यापडल्या अंगण दिसेल. फडताळात हिरवा ब्लाउज ठेवताना तो क्षणभर हातात राहिला. किती लहान होता. तो अंगात घालणारी मुलगी दादांच्या मागून घरात आली तेव्हा मी जिन्यात पुस्तक घेऊन बसलो होतो आणि वर बघायचे धाडस मला झाले नव्हते.

मग मी पत्र लिहिले. मोठे जमले नाही.

"वहिनी, या. विचारायचं नव्हतं, घर तुमचं आहे. उत्तराला उशीर झाला, तो माझ्या भित्रेपणामुळे. तुमच्यामुळे नव्हे. औषध घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला त्यातलं कळत नाही, पण जे ठरवाल ते त्रिशलाला मी सांगेन आणि ती रागावली तर मी ऐकून घेईन. पट्टीला सिस्टर येणार आहेत. त्या नसतील तेव्हासाठी मी शिकलो आहे. हात थरथरतात, तेवढं चालवून घ्या. जरीना विचारते, तुमचे ठिपके ठेवू की पुसू. त्यावरून ती ब्लाउज शिवून देईल म्हणते. तुमच्या मनात असेल ते कळवा. हिरवा ब्लाउज घरी आणला आहे. प्रवास झेपणार नसेल तर तुम्ही येऊ नका, मी येतो. पुढे जे काही येईल ते मी वाचून दाखवीन. काही गाळणार नाही. आपला, नेमिनाथ."

पाकिटावर पत्ता लिहिताना सवयीने आधी जावयांचे नाव लिहायला घेतले. घरात बाईला पत्र जायचे तर पाकिटावर पुरुषाचे नाव, अशी आमची रीत. मी ते पाकीट बाजूला ठेवले, दुसरे घेतले आणि त्यावर नुसते लिहिले, श्रीमती रत्नमाला भूपाल मगदूम. त्यांचे नाव मी पहिल्यांदाच लिहीत होतो.

पोस्टाच्या दाराशी एकच लाल पेटी उरली आहे. दुसऱ्या दिवशी पत्र तिच्यात टाकले तेव्हा ते तळाशी पडल्याचा आवाज आला. आत दुसरे काही नसावे. पेटी दुपारनंतर उघडतात असे आतल्या बाईंनी सांगितले. मी पायरीवर थांबलो. ते त्यांना कधी मिळेल, मिळेपर्यंत त्या वाचण्याइतक्या बऱ्या असतील का, असे नाना विचार मनात येत होते, आणि तरी उठून जावेसे वाटत नव्हते. पोस्टमन आला, त्याने पेटी उघडली, माझे एकुलते पाकीट काढून पिशवीत टाकले आणि सायकलवर टांग टाकली. ते आता परत मागून घेता येणार नाही, एवढे डोळ्यांनी पाहिल्यावर मी घरी निघालो.